कोकणातील बेने इस्रायल : धर्मपरंपरा, राष्ट्रवाद आणि मायभूमीचा प्रश्न

प्रस्तावना

कोकण किनारपट्टीचा इतिहास हा समुद्रमार्गे आलेल्या माणसांचाही इतिहास आहे. अरब व्यापारी, सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज अशा अनेकांनी या किनाऱ्यावर आपल्या खुणा ठेवल्या. त्यांपैकी काही सत्ताधारी झाले, काही परत गेले. मात्र याच किनाऱ्यावर आलेला एक समाज असा आहे की, ज्याने सत्तेची आकांक्षा धरली नाही, धर्मप्रसार केला नाही आणि शतकानुशतके गावगाड्यात राहूनही आपला धर्म सोडला नाही. तो समाज म्हणजे बेने इस्रायल होय. आजच्या रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत या समाजाची मुख्य वस्ती होती. सिंधुदुर्गातील वाचकास या समाजाची आडनावे परकी वाटणार नाहीत. नवगावकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर, रोहेकर, राजपूरकर ही गावांवरून पडलेली नावे मालवणकर किंवा वेंगुर्लेकर या नावांच्याच घडणीची आहेत.

या समाजातील बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतरच्या दोन-अडीच दशकांत इस्रायलमध्ये स्थलांतरित झाली. ज्या भूमीला ते प्रार्थनेत आपली म्हणत आले, त्या भूमीवर पोहोचल्यानंतर मात्र ‘तुम्ही खरोखर ज्यू आहात काय?’ असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. कोकणात हा प्रश्न त्यांना शेजाऱ्यांनी कधीही विचारला नव्हता. या विसंगतीचा अर्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी तीन मुद्द्यांचा विचार केला आहे : बेने इस्रायलांची धर्मपरंपरा कोकणात कशी टिकली, भारतीय आणि ज्यू या दोन राष्ट्रवादांकडे त्यांनी कसे पाहिले आणि नव्या राष्ट्रात त्यांची ओळख ठरविण्याचा अधिकार कोणाकडे गेला.

कोकणातील धर्मपरंपरा

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांना नवगाव येथे पुरण्यात आले. हायम सॅम्युएल किहीमकर (१८३०-१९०८) यांनी या आगमनाचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेला. या कथेला समकालीन लिखित पुरावा नाही. तथापि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू व भारतीय असे दोन्ही वंशघटक आढळले. कथेचा तपशील सिद्ध झाला नसला तरी दुहेरी वारशाची जाणीव निराधार नव्हती, एवढे यावरून म्हणता येते.

तेल गाळणे हा या समाजाचा प्रमुख व्यवसाय होता. शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव मिळाले. हे नाव ऐतिहासिक दृष्ट्या फार बोलके आहे. गावाने त्यांना व्यवसायावरून ओळखले आणि त्यांच्या धर्मातील सर्वांत महत्त्वाच्या आज्ञेला, म्हणजे शब्बाथाला, त्या ओळखीतच स्थान दिले. जातिव्यवस्थेच्या चौकटीत धर्मभेद सामावून घेण्याची ही कोकणी पद्धत होती. अर्थात तिची किंमतही होती. बाहेरच्या जातिभेदाचे प्रतिबिंब समाजाच्या आत उमटून ‘गोरे इस्रायल’ व ‘काळे इस्रायल’ असे भेद निर्माण झाले आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे.

हिब्रू ग्रंथ व धर्मगुरू नसतानाही सुंता, शब्बाथ, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना या समाजाने जपली. सणांची हिब्रू नावे लोपली, पण सण राहिले. वर्षारंभ ‘नव्याचा सण’ झाला, प्रायश्चित्ताचा दिवस ‘दारफाळणी’ झाला, मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन ‘बिरड्याचा सण’ झाला. मांस व दूध एकत्र न करण्याची आज्ञा नारळाच्या दुधाने सहज पाळली गेली. द्राक्षमद्याच्या जागी मनुकांचे सरबत आले. पोहे, गूळ, ओले खोबरे व फळे यांचा ‘मलिदा’ एलियाहू हानबी या प्रेषिताच्या नावाने अर्पण होऊ लागला. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर एलियाहूच्या रथाच्या व घोड्यांच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. बायबलमधील प्रेषिताचे हे कोकणातील ठाणे म्हणजे स्थानिक भूमीला पवित्र भूगोलात सामावून घेण्याचाच प्रयत्न होय.

अठराव्या शतकापासून ही परंपरा ग्रंथाधिष्ठित होऊ लागली. कोचीनच्या ज्यूंनी, विशेषतः रहाबी घराण्याने, या समाजास धर्मशिक्षण दिल्याचे मानले जाते. कंपनी सरकारच्या सैन्यात अधिकारी असलेले आणि टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलेले सामाजी हसाजी (सॅम्युएल इझिकेल) दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रूचे शिक्षण मिळाले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. धर्मांतराच्या हेतूने दिलेल्या या साधनांचा उपयोग बेने इस्रायलांनी स्वधर्माच्या दृढीकरणासाठी केला, हे लक्षणीय आहे. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या मराठी हग्गादाच्या चित्रांत वल्हांडणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया नेसत्या लुगड्यात जमिनीवर बसलेल्या दिसतात. १८८० च्या सुमारास बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. अधिक ज्यू होणे आणि अधिक मराठी होणे या दोन प्रक्रिया येथे परस्परविरोधी नव्हत्या. त्या एकाच काळात व एकाच माध्यमातून घडत होत्या.

दोन राष्ट्रवादांच्या मध्ये

१८९७ हे वर्ष या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्या वर्षी बाझेल येथे पहिली झायोनवादी परिषद भरली. तिचे निमंत्रण बेने इस्रायलांनाही आले होते. परंतु मायभूमीकडे परतणे हे ईश्वरी इच्छेने घडेल, मानवी राजकारणाने नव्हे, अशा भूमिकेतून त्यांनी ते नाकारले. त्याच वर्षी किहीमकरांनी आपल्या समाजाच्या इतिहासाचे लेखन पूर्ण केले. हा ग्रंथ चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. कोकणातील समाजाचा इतिहास पॅलेस्टाईनमध्ये छापला जावा, यातच दरम्यानच्या काळातील बदल सूचित होतो. त्याच सुमारास, १९३७-३८ मध्ये, डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर होते. म्हणजे झायोनवादाशी संबंध वाढत असतानाच येथील सार्वजनिक जीवनातील स्थानही वाढत होते.

भारतीय राष्ट्रवादाबाबत समाजाची भूमिका एकसंध नव्हती. सैन्य, रेल्वे, टपाल व महसूल खात्यांतील नोकऱ्यांमुळे ब्रिटिश सत्तेशी निष्ठा ठेवणारा वर्ग मोठा होता. दुसरीकडे १९१६ च्या खटल्यात लोकमान्य टिळकांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत डेव्हिड एरुलकर होते. डॉ. अब्राहम एरुलकर यांचे गांधीजींशी निकटचे संबंध होते. १९१७ मध्ये समाजात दोन स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या आणि भावी राजकारणात आपले स्थान कोणते, यावर चर्चा झाली. अल्पसंख्याकांपुढे त्या काळी जे प्रश्न होते तेच याही समाजापुढे होते. फक्त त्यांची संख्या अत्यल्प होती.

पॅलेस्टाईनच्या प्रश्नाने या द्वंद्वाला नवी धार आली. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिलेल्या लेखात छळ सोसणाऱ्या ज्यूंविषयी गाढ सहानुभूती व्यक्त केली, परंतु अरबांच्या भूमीवर ज्यू राष्ट्र लादणे अन्यायाचे ठरेल असे मत मांडले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत दिले. इस्रायलला मान्यता १९५० मध्ये मिळाली, पण पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये प्रस्थापित झाले. म्हणजे ज्या काळात बेने इस्रायलांचे मुख्य स्थलांतर झाले, त्या काळात त्यांचे जुने व नवे राष्ट्र परस्परांशी अंतर राखून होते.

१९५१ मध्ये भारतातील ज्यूंची संख्या सुमारे २६ हजार होती. १९७१ च्या जनगणनेत ती सहा हजारांहून कमी झाली. या स्थलांतरामागे छळ नव्हता. धार्मिक ओढ, ज्यू एजन्सीचे प्रयत्न, ब्रिटिश गेल्यानंतर सरकारी नोकऱ्यांबाबत वाटणारी अनिश्चितता आणि आधी गेलेल्या नातलगांचे आकर्षण ही त्याची प्रमुख कारणे होत. सिंधुदुर्गातून मुंबईस जाणारा चाकरमानी गणपतीला गावी परततो, कारण घर, देव्हारा व भाऊबंद गावात असतात. बेने इस्रायलांचे स्थलांतर वेगळे होते. येथे जाणाऱ्याची समजूत अशी होती की, आपण गाव सोडत नसून मूळ गावी परतत आहोत.

ओळख ठरविण्याचा अधिकार

प्रत्यक्षात बेने इस्रायलांची वसाहत बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा शहरांत झाली. त्यांपैकी बीरशेबा १९४८ च्या युद्धापूर्वी अरब वस्तीचे शहर होते. युद्धात ती वस्ती विस्थापित झाली. म्हणजे एका समाजाचे परतणे आणि दुसऱ्या समाजाचे उखडले जाणे या घटना एकाच भूमीवर घडल्या. नवागत भारतीय ज्यूंचा या संघर्षाच्या निर्मितीत वाटा नव्हता, परंतु त्याच्या परिणामांत मात्र ते सामील झाले.

आरंभीच्या काळातच रंगावरून भेदभाव होतो, अशी तक्रार करीत बीरशेबा येथील काही कुटुंबांनी धरणे धरले व मुंबईस परत पाठविण्याची मागणी केली. १९५२ मध्ये शंभराहून अधिक व्यक्तींना परत पाठविण्यात आले. त्यांतील अनेकजण पुढे पुन्हा इस्रायलला गेले.

याहून मूलगामी प्रश्न विवाहाचा होता. १९५० च्या परतीच्या कायद्याने ज्यूंना इस्रायलमध्ये येण्याचा हक्क दिला. परंतु १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या धर्मन्यायालयांच्या कक्षेत ठेवले. परिणामी नागरिक म्हणून ज्यू ठरलेल्या व्यक्तीस विवाहाच्या वेळी पुन्हा ज्यूत्व सिद्ध करावे लागण्याची शक्यता निर्माण झाली. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायल ज्यू असून त्यांच्याशी विवाह करता येईल, असा निर्णय दिला. मात्र १९६२ च्या निर्देशांनुसार अशा विवाहापूर्वी वधू-वराच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्यास रब्बींना सांगण्यात आले. शास्त्रोक्त घटस्फोटपत्राविना स्त्रीने पुनर्विवाह केला असल्यास त्या संबंधातील संतती निषिद्ध ठरते आणि शतकानुशतके धर्मग्रंथांपासून दूर राहिलेल्या या समाजात हे नियम पाळले गेले नसावेत, असा त्यामागील तर्क होता.

कोकणच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने हा तर्क तपासण्याजोगा आहे. शेजारच्या उच्चवर्णीय हिंदूंच्या प्रभावामुळे या समाजात विधवाविवाह गौण मानला जाई आणि घटस्फोटही विरळ होता. ज्या स्थानिक रूढींमुळे त्यांच्या ज्यूत्वाविषयी शंका घेतली गेली, त्याच रूढींमुळे शंकेचे कारण मुळात क्षीण होते. परंतु वंशावळी लेखी नव्हत्या. त्या गावाच्या स्मरणात होत्या आणि ते गाव मागे राहिले होते. स्मृतीवर आधारलेल्या परंपरेपुढे कागदावर आधारलेली संस्था उभी राहिली की स्मृतीची बाजू लंगडी पडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

या निर्देशांविरुद्ध बेने इस्रायलांनी आंदोलन केले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे व निदर्शने झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने व इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत समान ज्यू असल्याची भूमिका घेतली. त्यानंतर धर्मपीठाने निर्देशांतील ‘बेने इस्रायल’ हा उल्लेख वगळून चौकशीचा नियम सर्वसाधारण केला. समाजाचे नाव निघाले. चौकशीचा अधिकार मात्र धर्मपीठाकडेच राहिला. म्हणून हा विजय खरा असला तरी अपुरा होता. येथे हेही नोंदविले पाहिजे की, धरणे, निदर्शने व सनदशीर दबाव या मार्गांची ओळख या समाजाला भारतातील सार्वजनिक जीवनातूनच झालेली होती.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, धर्मपरंपरा टिकण्यासाठी शुद्धता अपरिहार्य नसते. नारळाचे दूध, मलिदा आणि मराठी कीर्तन यांमुळे ज्यू धर्म कोकणात सौम्य झाला नाही, तर तो जगू शकला. दुसरा असा की, राष्ट्रवाद विखुरलेल्यांना घर देतो, पण त्या घराच्या दाराशी पुरावाही मागतो. धर्माची व्याख्या राज्यसंस्थेच्या हाती आली की शेजाऱ्यांनी शतकानुशतके गृहीत धरलेली ओळख वादाचा विषय बनते. तिसरा असा की, मायभूमी एकच असली पाहिजे, ही आधुनिक राष्ट्रवादाची अपेक्षा माणसांच्या अनुभवाशी नेहमी जुळत नाही. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांनी मलिदा सोडला नाही. हैफा येथील एलियाहूच्या गुहेशी त्यांनी आपली खंडाळ्याची श्रद्धा जोडली. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालविले. कोकणात असताना त्यांनी जेरुसलेम जपले, इस्रायलमध्ये गेल्यावर कोकण जपले.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. हा निर्णय स्वागतार्ह असला तरी तो आला तेव्हा राज्यात राहिलेल्यांची संख्या फारच थोडी उरली होती. अलिबागची इस्रायल आळी, रेवदंडा, पेण व पनवेल येथील सिनेगॉग, नवगावची दफनभूमी, दफनशिलांवरील हिब्रू-मराठी लेख आणि जुन्या शाळांची दप्तरे ही साधने अद्याप उपलब्ध आहेत. कोकणातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी प्रकल्पलेखनासाठी त्यांचा विचार करणे आवश्यक आहे. ज्या गावांच्या स्मरणाने या समाजाची ओळख शतकानुशतके सांभाळली, त्या गावांतील जुनी पिढी आता विरळ होत आहे. तिच्याजवळचे स्मरण नोंदविले गेले नाही, तर बेने इस्रायलांना १९६२ मध्ये जो पुरावा मागितला गेला, तो देण्यास यापुढे आपणही असमर्थ ठरू.