क्योतोपासून केप इव्हान्सपर्यंत : हर्बर्ट पाँटिंग यांचा कॅमेरा

क्योतोच्या हिगाशियामा भागात, सांजो मार्गापासून जवळच, एक जुने लाकडी घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. हे घर नामिकावा यासुयुकी (१८४५–१९२७) या मीनाकारांचे. जपानी भाषेत या कलेला ‘शिप्पो’, म्हणजे सप्तरत्ने, असे म्हणतात. धातूच्या भांड्यावर सोन्या-चांदीची केसासारखी बारीक तार बसवायची, तारांमधल्या घरांत रंगीत काचेची पूड भरायची, भट्टीत भाजायचे आणि मग घासून झिलई आणायची, असा हा संथ उद्योग आहे. १८९६ मध्ये नामिकावांना जपानच्या राजघराण्याचे मानाचे कलाकारपद मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या या कार्यशाळेत एक इंग्रज छायाचित्रकार कॅमेरा घेऊन आला होता. काही वर्षांनी याच माणसाच्या कॅमेऱ्यातून जगाने अंटार्क्टिका पाहिली. त्याचे नाव हर्बर्ट जॉर्ज पाँटिंग.

शेतमळा, खाण आणि कॅमेरा

पाँटिंग यांचा जन्म १८७० मध्ये इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे झाला. तरुणपणी ते कॅलिफोर्नियात गेले. तेथे त्यांनी फळबागा केल्या, सोन्याच्या खाणीच्या धंद्यातही हात घातला. परंतु जम बसला तो छायाचित्रणात. दोन भिंगांच्या दुर्बिणीतून पाहिल्यास खोलीचा भास देणाऱ्या ‘स्टिरिओ’ चित्रांना त्या काळी मोठी मागणी होती. अशा चित्रांसाठी त्यांनी आशिया पालथा घातला. जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश आणि हिंदुस्थान हे सारे देश त्यांच्या फिरतीत आले. १९०४–०५ च्या रशिया-जपान युद्धात ते जपानी सैन्याबरोबर मांचुरियातही होते.

या भटकंतीचे फळ म्हणजे १९१० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘इन लोटस-लँड जपान’ हा त्यांचा ग्रंथ. त्यात क्योतोची मंदिरे आणि क्योतोचे कारागीर यांना महत्त्वाचे स्थान आहे. मंदिरांची गर्दी टिपणे सोपे होते. पण खाली मान घालून काम करणाऱ्या कारागिराच्या हातावरचा उजेड पकडायला वेळ आणि विश्वास दोन्ही लागत. नामिकावांच्या कार्यशाळेतील चित्रे ही त्या कसोटीला उतरलेली आहेत. मात्र या ग्रंथाची एक मर्यादाही नोंदवायला हवी. त्याच्या नावातच जपान हा कमळांचा, फुलांचा देश आहे. रशियासारख्या सत्तेला नमवणारा, कारखाने आणि प्रयोगशाळा उभारणारा जपान त्या नावात मावत नाही.

अंधारकोठडीतला संसार

पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांच्या ‘टेरा नोव्हा’ मोहिमेत पाँटिंग दाखल झाले. दक्षिण ध्रुव गाठणे हे या मोहिमेचे गाजलेले उद्दिष्ट होते. तरी भूगर्भ, हवामान, जीवशास्त्र आणि हिमनद्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तिचा कणा होते. सिमल्याच्या हवामान खात्यातून आलेले जॉर्ज सिम्प्सन त्यांपैकीच एक. अंटार्क्टिकावर काम करणारे पहिले व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून पाँटिंग यांची गणना होते.

रॉस बेटावरील केप इव्हान्स येथील झोपडीत त्यांना एक छोटी अंधारकोठडी मिळाली. तेथेच ते काचेच्या प्लेट धूत आणि तेथेच झोपत. थंडीने कॅमेऱ्याचे सारे नियम बदलून टाकले होते. बाहेरचा कॅमेरा उबदार खोलीत आणला की भिंगावर आणि यंत्रावर दव साचे; म्हणून तो थंडीतच ठेवावा लागे. वंगणाचे तेल गोठून यंत्र अडे. उघड्या धातूला त्वचा लागली तर ती चिकटून सोलून निघे. एकदा त्यांची जीभच कॅमेऱ्याला चिकटली होती. जानेवारी १९११ मध्ये किनाऱ्यालगतच्या बर्फावर ते उभे असताना किलर व्हेल माशांनी खालून धडका देऊन बर्फ फोडला आणि ते थोडक्यात बचावले. त्याच महिन्यात हिमनगातील गुहेच्या तोंडातून दूरवरचे जहाज दाखवणारे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र निघाले.

मनाजोगे चित्र मिळेपर्यंत ते सहकाऱ्यांना गारठ्यात उभे करीत. याला कंटाळलेल्या सोबत्यांनी त्यांच्या नावावरून ‘पाँट’ असे क्रियापदच तयार केले होते.

सुमारे चार महिने सूर्य न दिसणाऱ्या त्या हिवाळ्यात झोपडीत व्याख्याने होत. मे १९११ मधील एका संध्याकाळी पाँटिंग यांनी जादुई कंदिलावर जपान दाखवला: फुलांचे उत्सव, मंदिरे, बुद्धमूर्ती, ज्वालामुखी. स्कॉट यांच्या रोजनिशीत त्या संध्याकाळची कौतुकाने नोंद आहे.

न परतलेल्यांची चित्रे

ध्रुवापर्यंत पाँटिंग जाणार नव्हते. म्हणून त्यांनी स्कॉट आणि इतरांना छायाचित्रणाचे धडे दिले. निघण्यापूर्वी स्कॉट, विल्सन, बॉवर्स आणि एडगर इव्हान्स यांनी घसरगाडी ओढणे, तंबू ठोकणे, स्वयंपाक करणे हे सारे त्यांच्या चलच्चित्र कॅमेऱ्यासमोर करून दाखवले. जानेवारी १९१२ मध्ये ध्रुवावर पाच जणांचे चित्र बॉवर्स यांनी दोरी ओढून घेतले. हे बॉवर्स मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘रॉयल इंडियन मरीन’चे अधिकारी, त्याच चित्रातले ओट्स महूच्या छावणीतून आलेले. पाचांपैकी कोणीही परतले नाही. नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधपथकाला तंबू सापडला आणि त्यातील फिल्म झोपडीत आणून डेबनहॅम यांनी धुतली. ॲमंडसन यांच्या मागून पोहोचलेल्या थकल्या चेहऱ्यांचे ते चित्र आज सर्वपरिचित आहे.

पाँटिंग मात्र मार्च १९१२ मध्येच जहाजाने परत निघाले होते. तंबूतील खेळीमेळीचा प्रसंग त्यांनी मोहिमेची माहिती म्हणून टिपला होता. बातमी आल्यावर तो मृतांचे स्मारक ठरला.

दोन चित्रपट, दोन कर्जे

त्याच उन्हाळ्यात अंटार्क्टिकावर दुसराही चलच्चित्र कॅमेरा फिरत होता. लेफ्टनंट शिरासे नोबू यांच्या जपानी मोहिमेचे जहाज ‘काइनान मारू’ तेथे पोहोचले होते आणि छायाचित्रकार ताइझुमी यासुनाओ हे ती मोहीम टिपत होते. ‘कमळांच्या देशा’ने स्वतःच कॅमेरा हाती घेतल्याचा हा पुरावा होय. तो चित्रपट १९१२ मध्ये जपानात दाखवला गेला. त्याचा निर्माता ‘एम. पाते’ आणि क्योतोची ‘योकोता शोकाई’ यांच्यासह चार कंपन्या त्याच वर्षी एकत्र येऊन ‘निक्कात्सु’ ही कंपनी स्थापन झाली.

शिरासे यांच्या डोक्यावर मोहिमेचे मोठे कर्ज राहिले; ते फेडण्यासाठी चित्रपट घेऊन त्यांना वर्षानुवर्षे व्याख्याने देत हिंडावे लागले. पाँटिंग यांनीही १९१४ मध्ये मोठी रक्कम मोजून आपल्याच चित्रपटाचे हक्क विकत घेतले, १९२४ मध्ये ‘द ग्रेट व्हाइट सायलेन्स’ आणि १९३३ मध्ये त्याची बोलकी आवृत्ती ‘नाइंटी डिग्रीज साउथ’ काढली. पैसा परत आला नाही. १९३५ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले तेव्हा ते आर्थिक विवंचनेतच होते.

त्यांच्या अंटार्क्टिकावरील काचेच्या निगेटिव्ह २००४ मध्ये केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटने विकत घेतल्या. मूकपटाचे पुनरुज्जीवन ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने केले. क्योतोतील नामिकावांच्या घरी त्यांचे मीनाकाम आणि बाग पाहायला मिळते. क्योतोस जाणाऱ्या वाचकाने सांजोच्या त्या घरात क्षणभर थांबावे. केप इव्हान्सच्या अंधारात बर्फाची छटा अचूक यावी म्हणून धडपडणाऱ्या माणसाने कधीकाळी येथे, भट्टीतून निघालेल्या रंगांसमोर, आपला कॅमेरा रोखला होता.