किती उंबऱ्यांचा गाव

आमच्या राजापूर तालुक्यात जुनी माणसं गाव मोजायची ती उंबऱ्यांनी. डोकी मोजणार कशी? ती एका जागी नसायचीच. जवळपास प्रत्येक घरातला कर्ता पुरुष लालबाग-घोडपदेवकडच्या गिरणीत. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी ही माणसं आजीच्या हिशेबात मात्र गावातच असायची. शिमग्याला नि मे महिन्यात येणाऱ्यांचा वाटा धरूनच ती कणगी भरायची.

येण्याजाण्याची वाट समुद्राची. खाडीतून पडावाने मुसाकाजीला जायचं, तिथे पाण्यात उभ्या असलेल्या आगबोटीवर चढायचं आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. चढणं हेच मोठं दिव्य होतं, असं आजी सांगे. लाटेने पडाव वर आला की खलाशी पोराला दंडाला धरून वर ओढून घ्यायचे. आईचा जीव पुढची लाट येईपर्यंत खालीच. पावसाळ्यात आगबोटी बंद. "तेवढे महिने मुंबईच बुडाली असं समजायचं," ती म्हणे. अगदीच अडलं तर अणुस्कुऱ्याचा घाट पायी चढून कोल्हापूर गाठायचं. तिथे १८९१मध्येच रेल्वे आलेली. आमच्या बाजूला रूळ यायला त्यानंतर शंभरावर वर्षं गेली.

राज्यात एसटी सुरू झाली १ जून १९४८ला, पुणे-नगर मार्गावर. आमच्या सड्यावर ती बऱ्याच उशिरा चढली. पण वस्तीची गाडी आली आणि गावाचं घड्याळच बदललं. तिन्हीसांजेला ती यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, त्यांचं जेवण घराघरांत वाटून घेतलेलं. कंडक्टरकडे औषधाची चिठ्ठी दिली की दुसऱ्या संध्याकाळी राजापुरातून बाटली हजर. आजाऱ्याला डोलीत घालून चालत नेण्याचे दिवस संपले, तेही या गाडीमुळेच. त्या गाडीचे उपकार मी विसरणार नाही.

तरीही थोरल्या काकांचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं. आगबोटीने एकट्या पुरुषाला नेलं. एसटीने त्याची बायकोमुलंही नेली. बाई मागे असेपर्यंत भाताची लावणी व्हायची, गोठा नांदता राहायचा. ती गेली आणि घराला कुलूप लागलं.

जनगणनेचे आकडे काकांनी कधी पाहिले नाहीत, पण ते त्यांच्याच बाजूने बोलतात. २००१ला रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, २०११ला ११२२. म्हणजे बायकांचा गाव अजून बायकांचाच. पण त्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्याच १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सारं राज्य सुमारे सोळा टक्क्यांनी वाढत असताना! आणि याच काळात कोकण रेल्वे धावत होती. २६ जानेवारी १९९८ला ती पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा माणसं परततील असं आम्हां सर्वांना वाटलं होतं. परतली, पण दोन रात्रींपुरती. रात्री निघून सकाळी पोचता येतं म्हटल्यावर मुक्काम कशाला लांबवायचा? शिवाय राजापूर रोड स्थानकावरून घरापर्यंत रिक्षा करायची, तर म्हाताऱ्या माणसाला ते परवडत नाही. वस्तीची गाडी तर केव्हाच बंद झाली.

मला खटकतं ते मोजणीचं वेळापत्रक. २०११ची गणना फेब्रुवारीत झाली, हिशेबाचा क्षण १ मार्चचा. त्या वर्षी होळी १९ मार्चला होती. अडीच आठवडे थांबले असते तर पालखीमागे नाचणारा सगळा गाव गणनेवाल्यांना दारातच भेटला असता. गाडी, दवाखाना, शाळेतला शिक्षक हे सारं डोक्यांवर ठरतं, आणि डोकी मात्र मोजली जातात ती घरं सर्वांत रिकामी असताना. पुढच्या गणनेसाठीही १ मार्च २०२७ हाच दिवस जाहीर झाला आहे. म्हणून काकांना शेजारी बसवून मी वाडीची यादी करायला घेतली आहे: उंबरा कोणाचा, इथे कोण राहतं, मुंबईत कोण, आणि शिमग्याला कोण येतं.