एका परिचारिकेमागे किती रुग्ण?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्याला पाठ्यपुस्तकातले चित्र आठवते : रात्रीची वेळ, खाटांच्या रांगा आणि हातात दिवा घेतलेली परिचारिका. पण १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेलेल्या या बाईंचे मोठे काम आकड्यांचेही होते. युद्धानंतर त्यांनी सैन्याच्या नोंदी मांडून दाखवल्या, तेव्हा जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावल्याचे स्पष्ट झाले. रुग्णालयाने निदान रुग्णाचे नुकसान तरी करू नये, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे खुद्द परिचारिकांची मोजणी करण्याची वेळ आली. आपल्याकडे नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. त्यानुसार तेव्हाच्या भारतात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. ब्रिटनमध्ये हेच प्रमाण ३०० लोकांमागे एक असे होते.

परिचारिका कमी असल्या तर नेमके काय बिघडते? डॉक्टर फेरी मारून जातात. रुग्णाजवळ चोवीस तास असते ती परिचारिका. नाडी जलद झाली, श्वास वाढला, रक्तदाब उतरला, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, हे आधी तिच्या लक्षात येते आणि ती डॉक्टरांना बोलावते. तिच्याकडे खाटा फार असतील, तर हे बदल उशिरा कळतात. तेवढ्यात उपचाराची वेळ टळू शकते.

हा परिणाम मोजता येतो. अमेरिकेतील लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. चाराऐवजी आठ रुग्ण असतील तर? १.०७ ला चार वेळा गुणून पाहा : सुमारे ३१ टक्के.

येथे चौकस विद्यार्थी विचारील : दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण कशी ठरते? कमी परिचारिकांच्या रुग्णालयात इतरही उणिवा असतील. शंका रास्त आहे. तिचे बरेचसे उत्तर ऑस्ट्रेलियातून मिळाले. क्वीन्सलंड राज्याने जुलै २०१६ पासून २७ सरकारी रुग्णालयांत प्रमाण ठरवून दिले : दिवसाच्या पाळ्यांत एका परिचारिकेमागे सरासरी चार रुग्ण, रात्री सात. इतर २८ रुग्णालयांत हे बंधन नव्हते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पहिल्या गटात मृत्यूची शक्यता सुमारे ११ टक्क्यांनी घटलेली आढळली. दुसऱ्या गटात लक्षणीय फरक पडला नाही. रुग्णालयातला मुक्काम कमी झाल्याने आणि पुन्हा दाखल होणे टळल्याने वाचलेला पैसा जादा परिचारिकांवरील खर्चाच्या सुमारे दुप्पट भरला.

तीस मुलांचा वर्ग आणि सत्तर मुलांचा वर्ग यांतला फरक शिक्षकांना सांगायला नको. सरकारी दवाखान्यात गेल्यावर ‘सिस्टर लक्ष देत नाहीत’ असे आपण चटकन म्हणून जातो. त्याआधी त्या पाळीला किती सिस्टर आहेत आणि वॉर्डात किती खाटा भरलेल्या आहेत, एवढे मोजावे. मग तक्रार कोणाकडे न्यायची, हेही कळेल.