प्याद्याचें दान

बुद्धिबळाच्या डावांत पहिल्या दोनचार खेळ्यांतच आपण होऊन एक प्यादें प्रतिपक्षाच्या हवालीं करावयाचें, आणि त्याच्या मोबदल्यांत आपलीं मोहरीं लवकर बाहेर काढून त्याच्या राजावर तुटून पडावयाचें, या पद्धतीस युरोपीय लोक 'गॅम्बिट' म्हणतात. हा शब्द मूळचा इटालियन. पायांत पाय अडकवून पाडणें हा त्याचा अर्थ. स्पेनमधील धर्मगुरु रुय लोपेझ यानें १५६१ सालच्या आपल्या ग्रंथांत तो या खेळास लावला.

या कुळांतील ज्येष्ठ म्हणजे 'राजाचा गॅम्बिट'. दोन्ही पक्षांनीं राजापुढील प्यादें दोन घरें सारलें, कीं पांढरा आपल्या राजाकडील उंटापुढचें प्यादें पुढें करतो. काळ्यानें तें मारलें म्हणजे त्याचें प्यादें मध्यभागावरून दूर जातें, व पांढऱ्याच्या हत्तीस शत्रूच्या राजाकडे वाट मोकळी होते. मात्र त्याच खेळीनें पांढऱ्याच्या राजाचाही आडोसा निघून जातो. एकंदरींत हा दुधारी व्यवहार होय.

या पद्धतीचा परमोत्कर्ष एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. १८५१ सालीं लंडनमध्यें भव्य औद्योगिक प्रदर्शन भरलें असतां तेथेंच पहिला आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ-सामना झाला, व तो ब्रेस्लौ येथील गणिताचा शिक्षक अडॉल्फ अँडरसन यानें जिंकला. परंतु त्याची कीर्ति टिकली ती सामन्याबाहेर सहज खेळलेल्या एका डावामुळें. किझेरिट्स्की याच्याविरुद्ध राजाचा गॅम्बिट खेळून त्यानें एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटीं वजीरही देऊन टाकला, व उरलेले दोन घोडे आणि एक उंट यांच्या जोरावर २३व्या खेळीस मात केली. पराभूत किझेरिट्स्कीनेंच हा डाव पॅरिसच्या आपल्या मासिकांत छापला, हें त्याच्या रसिकतेस भूषणावह आहे. पुढें त्यास 'अमर डाव' हें नांव पडलें.

हा डाव पाहतांना वाचकांनीं देणाऱ्याबरोबर घेणाऱ्याकडेही लक्ष द्यावें. किझेरिट्स्की जें जें पुढें आलें तें तें घेत गेला. त्याचा वजीर शत्रूच्या कोपऱ्यांतील हत्ती टिपण्यांत गुंतला, आणि इकडे त्याचे स्वतःचे दोन्ही हत्ती व एक उंट शेवटपर्यंत जागचे हलले नाहींत. त्या काळीं पुढें केलेलें दान नाकारणें कमीपणाचें वाटे, आणि बचावाचें शास्त्र अद्याप बाल्यावस्थेंत होतें. गॅम्बिटाची सत्ता बऱ्याच अंशीं प्रतिपक्षाच्या या समजुतीवर उभी होती.

ती समजूत मोडली व्हिल्हेल्म स्टाइनिट्झ यानें. आणि तो स्वतः त्याच संप्रदायांत वाढलेला धाडसी खेळाडू होता. १८६६ सालीं त्यानें अँडरसनला ८ विरुद्ध ६ डावांनीं हरविलें तें याच शस्त्रांनीं. पण १८७३ च्या व्हिएन्ना येथील सामन्यापासून त्याचा खेळ पालटला. हल्ला लहरीनें करावयाचा नसतो. स्थितींत श्रेष्ठता जमली म्हणजेच हल्ल्याचा अधिकार येतो, असा त्याचा सिद्धांत. म्हणून दिलेलें प्यादें निःशंकपणें घ्यावें व पुढील मारा धीरानें सोसावा, असें तो सांगे. लास्करनें याच्याही पुढें पाऊल टाकलें. कॅप्टन एव्हन्स या दर्यावर्दी गृहस्थाच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या गॅम्बिटांत, घेतलेलें प्यादें योग्य वेळीं परत देऊन हल्ल्याचा जोरच काढून घेतां येतो, हें त्यानें दाखविलें.

जुन्या पंथाचा मोठा कैवारी रशियाचा चिगोरिन. जगज्जेतेपदासाठीं तो स्टाइनिट्झशीं हवाना येथें १८८९ व १८९२ असा दोनदां झुंजला. दुसऱ्या सामन्यांतील २३व्या डावांत त्यास बरोबरी साधण्याची संधि होती. त्यानें राजाचाच गॅम्बिट मांडला, आणि एक मोहरें अधिक मिळवून तो जिंकण्याच्या बेतांत आला. इतक्यांत ३२व्या खेळीस, राजाचें रक्षण करणारा उंट त्यानें दुसरीकडे हलविला. दोन खेळ्यांत मात अटळ झाली आणि सामना गेला. या निकालाचा दोष गॅम्बिटास देणें न्याय्य होणार नाहीं. त्यानें आपलें काम चोख केलें होतें. ढळली ती खेळणाराची दृष्टि.

पुढें १९६० सालीं मार देल प्लाता येथें स्पास्कीच्या राजाच्या गॅम्बिटापुढें बॉबी फिशर हरला. १९६१ मध्यें त्यानें लेख लिहून हा गॅम्बिट निकालांत काढल्याचें जाहीर केलें. आणि १९६३ सालीं अमेरिकेच्या अजिंक्यपद-सामन्यांत, उंट प्रथम बाहेर काढण्याच्या प्रकारानें, तोच गॅम्बिट स्वतः खेळून तो जिंकला! आजच्या गणकयंत्रांचा कौल या दानाला अनुकूल नाहीं. तरी समोर माणूस बसला असतां तें अजून फळतें.

दान करणाऱ्याचें धैर्य चटकन् डोळ्यांत भरतें. मिळालेलें वेळीं परत करणाऱ्याचें धैर्य सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तें ओळखावयास युरोपास तीनशें वर्षें लागलीं. तथापि अँडरसनसारख्यांनीं वारंवार दार ठोठावलें नसतें, तर स्टाइनिट्झला कडी मजबूत करण्याचें कारणच पडलें नसतें.