जिप्सीचा आवाज : निदान आणि उपाय

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसले आहे. येथून मलकापूरकडे उतरताना राजूर घाट लागतो, तर खामगावकडे जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथा घाट. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात चाकांना सोडत नाही. अशा मुलखात चारही चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाडीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. अशा गाड्यांत मराठी वाचकाला सर्वाधिक परिचित नाव म्हणजे मारुती जिप्सी. ही गाडी १९८५ मध्ये ९७० सीसी इंजिनासह आली. १९९६ मध्ये १,२९८ सीसी इंजिनाची ‘जिप्सी किंग’ आली. २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सीची विक्री थांबली आणि २०२३ मध्ये पाच दरवाजांची जिम्नी बाजारात आली. तरीही जुन्या जिप्सी विदर्भातील जंगलसफारीत आणि हौशी मालकांकडे आजही धावत आहेत. त्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार एकच : गाडी फार आवाज करते.

या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही आवाज गाडीच्या रचनेतच आहे, तो पूर्णपणे जाणार नाही. काही आवाज मात्र इशारा असतो. झिजलेला क्रॉस तुटून प्रोपेलर शाफ्ट धावत्या गाडीखाली निसटला, तर प्राणांशी गाठ पडू शकते. म्हणून आवाज दाबण्याआधी तो ओळखला पाहिजे.

रचना समजून घ्या

बहुतेक गाड्यांत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सलाच जोडलेली असते. जिप्सीत ती वेगळी, रबरी माउंटिंगवर बसवलेली असते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांना एक आखूड शाफ्ट जोडतो. तेथून एक शाफ्ट पुढच्या आणि एक मागच्या डिफरन्शियलकडे जातो. म्हणजे एकूण तीन शाफ्ट, त्यांचे क्रॉस, दोन डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसमधील गिअर, इतक्या ठिकाणी आवाज निर्माण होऊ शकतो. ‘लो’ गिअरमध्ये येणारी गुणगुण बऱ्याच अंशी नैसर्गिक असते. पूर्वी नसलेला किंवा दिवसेंदिवस वाढणारा आवाज मात्र तपासलाच पाहिजे.

गाडी उभी असताना

इंजिन सुरू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पाय क्लचवरून काढलेला असताना घरघर ऐकू येत असेल व क्लच दाबताच ती थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर घ्यावा. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग तपासावे.

गाडी धावत असताना

ही चाचणी दोघांनी घ्यावी. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने ऐकावे आणि टिपून ठेवावे. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर, हा पहिला प्रश्न. एकाच वेगाने जाताना गिअर बदलून पाहावा. आवाज तसाच राहिला, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे.

दुसरा प्रश्न भाराचा. सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून गाडी वाहू द्यावी. आवाज तसाच राहिला तर टायर किंवा चाकाचे बेअरिंग. एकदम कमी झाला तर भाराखाली फिरणारे गिअर. ही चाचणी घाटात कधीही करू नये. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

घाटाचा उपयोग मात्र वेगळ्या प्रकारे होतो. चढताना डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियनच्या दातांची एक बाजू भार घेते, तर गिअरमध्ये ठेवून उतरताना दुसरी. फक्त चढावर किंवा फक्त उतारावर बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर या जोडीचे दात, तिची बसवणूक किंवा पिनियनचे बेअरिंग यांत दोष असण्याची शक्यता मोठी.

इतर खुणा अशा :

१) गाडी पुढे-मागे घेताना ‘टंग’ असा ठोका : झिजलेला क्रॉस, शाफ्टच्या सरकत्या जोडातील ढिलाई किंवा ट्रान्सफर केसचे फाटलेले माउंटिंग.

२) ठरावीक वेगाला जलद थरथर : शाफ्टचा तोल बिघडलेला. शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट फिरतो, त्यामुळे त्याची थरथर टायरच्या थरथरीपेक्षा बरीच जलद असते.

३) रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलतो : टायर.

४) उजव्या वळणावर घरघर वाढते : भार डावीकडे जातो, म्हणून डाव्या चाकाचे बेअरिंग आधी पाहावे. डाव्या वळणावर याच्या उलट.

५) फोर व्हीलमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ‘कट-कट’ : पुढच्या चाकाजवळचा सांधा.

पुढच्या चाकांना हाताने फिरवून सोडता येणारे हब असतील, तर ते मोकळे करून टू व्हीलमध्ये गाडी चालवावी. आवाज गेला, तर दोष पुढच्या शाफ्टमध्ये किंवा पुढच्या डिफरन्शियलमध्ये आहे. हब नसतील तर मेकॅनिककडून पुढचा शाफ्ट काढून हीच चाचणी घेता येते.

गाडीखाली जाण्यापूर्वी

काही जिप्सींचे हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागील शाफ्टवर काम करते. अशा गाडीचे मागचे एक चाक उचलले किंवा मागचा शाफ्ट काढला, की हँडब्रेक गाडी धरून ठेवत नाही. म्हणून सपाट जागेवर जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, भक्कम स्टँडचा आधार द्यावा आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून प्रत्येक शाफ्ट हाताने पिळून पाहावा. क्रॉसमध्ये किंचितही ढिलाई जाणवू नये. क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजासारखा तांबूस चुरा दिसला, तर तेथील ग्रीस संपले आहे असे समजावे. गिअरबॉक्स व मध्ये दडलेला आखूड शाफ्ट तपासायला विसरू नये. अनेकदा त्याच्याकडेच दुर्लक्ष होते.

आवाज कमी करण्याचा क्रम

स्वस्त आणि सोप्या उपायांपासून सुरुवात करावी. प्रथम शाफ्ट आणि चाकांच्या आतील बाजूला चिकटलेली काळी माती धुऊन काढावी. केवळ वाळलेल्या चिखलानेही तोल बिघडतो. चारही टायर एकाच मापाचे व योग्य हवेचे असावेत. त्यानंतर शाफ्टचे नट-बोल्ट आवळून ग्रीस भरावे.

पुढची पायरी ऑइलची. डिफरन्शियलच्या गिअरना ‘जीएल-५’ दर्जाचे ऑइल लागते, तर गिअरबॉक्सला उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. ऑइल दुधाळ दिसले, तर नाला ओलांडताना पाणी शिरले आहे. प्लगवर करड्या रंगाचा बारीक लेप असणे स्वाभाविक, पण धातूचे कण किंवा तुकडे दिसले तर गाडी चालवणे थांबवावे.

शाफ्टचा सरकता जोड सोडला असेल, तर पुन्हा बसवताना दोन्ही टोकांचे दुबेळके एका रेषेत आले पाहिजेत. सोडण्यापूर्वी खूण करून ठेवल्यास चूक होत नाही. पाटे बदलून गाडी उंच केली असेल, तर शाफ्टचा कोन वाढतो आणि नवे क्रॉसही थरथरतात.

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील कधीही लावू नये. जिप्सीत पुढच्या व मागच्या शाफ्टमध्ये वेगाचा फरक सामावणारा मधला डिफरन्शियल नाही. त्यामुळे वळणावर सर्व गिअरवर ताण साचतो, आवाज येतो आणि लिव्हर अडकते.

हे सर्व झाल्यावर उरलेल्या आवाजासाठी फरशीवर जाड रबरी चटई घालायला हरकत नाही. मात्र चटईने उपचार सुरू करू नये, कारण झाकलेला इशारा ऐकू येत नाही आणि रस्त्यात गाडी बंद पडते ती बहुधा घाटातच.