झाडातले हमाल

माझ्या पहिल्या कवितासंग्रहात एक झाड आहे. जन्मभर एका जागी उभं, आतबाहेर निश्चल. एका संमेलनात ती कविता वाचून खाली उतरलो, तर वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक वाट पाहत होते. म्हणाले, "कविराज, उद्या कॉलेजात या. तुमचं झाड आतून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तळ्यातल्या हायड्रिलाचं पान काचपट्टीवर ठेवलं. सूक्ष्मदर्शकातून विटांसारख्या पेशी दिसल्या आणि पेशीच्या भिंतीला धरून एकामागोमाग चाललेले हिरवे ठिपके, बाजाराच्या दिवशी बैलगाड्या निघाव्यात तसे. मी बी.ए. झालेला माणूस, सायन्सची इमारत लांबूनच पाहिलेली. तरी विचारलंच, "सर, यांना ओढतं कोण?"

हा प्रश्न फार जुना निघाला. इटलीतले धर्मगुरू आणि शिक्षक बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी कारा नावाच्या पाणवनस्पतीच्या पेशीत रस फिरताना पाहिला आणि १७७४ मध्ये ते छापून प्रसिद्ध केलं. पुढे अनेकांनी पाहिलं, पण ओढणारा काही सापडेना. १९५६ मध्ये जपानच्या नोबुरो कामिया आणि कियोको कुरोदा यांनी काराचंच भावंड असलेल्या नायटेलाच्या पेशीत रसाचा वेग जागोजागी मोजला. पेशीच्या कडेचा थर स्थिर असतो आणि आतला रस वाहता. जोर लागतो तो या दोहोंच्या सीमेवर, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या सीमेवर अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे असतात, हे १९७०च्या दशकात कळलं. आपल्या स्नायूंत असतात तेच धागे.

मग १९८३ साली अमेरिकेत मायकेल शीट्झ आणि जेम्स स्पुडिच यांनी एक भन्नाट प्रयोग केला. नायटेलाची पेशी चिरून उघडली आणि मायोसिन, म्हणजे स्नायू आखडवणारं प्रथिन, चोपडलेले बारीक मणी त्या धाग्यांवर सोडले. मायोसिन सशाच्या स्नायूतलं होतं. मणी धावू लागले! सशाचा हमाल वनस्पतीच्या रुळांवर चालला, म्हणजे नातं किती जुनं असेल पाहा.

पण वनस्पतीचा स्वतःचा हमाल? तो वेगळा काढणं महाकठीण. स्नायूत मायोसिन खच्चून भरलेलं असतं, वनस्पतीत चिमूटभर. त्यातून पेशीच्या पोटात पाचकरसांची पिशवी असते. पेशी वाटली की पिशवी फुटते आणि जे शोधायचं त्याचेच तुकडे पडतात. घर फोडल्याशिवाय चोर सापडत नाही आणि घर फोडलं की चोराचाच चुराडा होतो, असा पेच!

उत्तर मिळालं लिलीच्या परागकणांत. साखर-क्षारांच्या द्रावणात टाकले की काही तासांत त्यांना नळ्या फुटतात. नळीचं टोक वाढत असतं आणि वाढीचा माल सतत तिथे पोचवावा लागतो, त्यामुळे हमालांची तिथे वर्दळ. १९९४ मध्ये हिमेजीच्या एत्सुओ योकोता आणि तेरुओ शिम्मेन यांनी या नळ्यांतून मायोसिन वेगळं काढलं. मायोसिनची खूण अशी, की ते अ‍ॅक्टिनला चिकटतं आणि एटीपी हे पेशीचं इंधन दिलं की सुटतं. काचेवर हे मायोसिन पसरून वर अ‍ॅक्टिनचे चमकणारे धागे सोडले, तर ते सेकंदाला सात-आठ मायक्रोमीटर सरकले. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच वर्षी काराचंही मायोसिन हाती आलं. त्याचा वेग सशाच्या स्नायूतल्या मायोसिनच्या सुमारे दसपट! कोर्तींनी पाहिलं त्याला तेव्हा २२० वर्षं झाली होती.

या हमालांचा झाडाला उपयोग काय? २०१३ मध्ये मोतोकी तोमिनागा आणि सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात, अरॅबिडॉप्सिसमध्ये, तिथल्या मायोसिनला काराचं चपळ इंजिन जोडलं. रोपं नेहमीपेक्षा मोठी झाली. मंद इंजिन जोडलं, तर खुरटली.

ही बातमी सरांनीच मला फोनवर सांगितली. तेव्हा ते निवृत्त झाले होते. म्हणाले, "आता तरी ती ओळ बदला." मी म्हटलं, "सर, दुसऱ्या आवृत्तीत नक्की बदलतो." पण मराठी कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती कधी निघते, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते मोठ्याने हसले आणि हायड्रिलाची एक बरणी माझ्यासाठी भरून ठेवतो म्हणाले.