वाकून आत या

पायातली गवताची चप्पल सांभाळा, नाहीतर या गर्दीत ती गेलीच म्हणून समजा. तुम्ही साकाईत आहात, आजच्या ओसाकाच्या दक्षिणेला, १५८० नंतरच्या एका उन्हाळ्यात. सूर्य नुकताच वर आलाय आणि कपडा आत्ताच पाठीला चिकटलाय. समुद्रावरून वारा येतो, पण सोबत थंडावा नाही, सुकवलेल्या मासळीचा वास आणतो. शेजारच्या आळीत बंदुका घडवणाऱ्या लोहारांची ठोकाठोक सुरू झालीय. रेशमाचा गठ्ठा वाहणारा हमाल खांद्याने तुम्हाला बाजूला सारतो आणि वळूनही बघत नाही. गोव्यात शिकून आलेल्या लुईश फ्रोइशसारखे पाद्री या गावात राहून गेलेत, त्यामुळे परक्या चेहऱ्याचं इथे कुणाला फारसं अप्रूप नाही.

मासळीच्या वखारीच्या मालकाने तुम्हाला चहाला बोलावलंय. याच गावच्या सेन नो रिक्यू या चहाच्या उस्तादाचा हा शागीर्द. रिक्यूचं घराणंही वखारवाल्यांचंच.

दुकानाच्या कडेच्या बोळातून मागे जा. फाटक लोटलंत की बाग लागते, पण फूल म्हणाल तर औषधालाही नाही. शेवाळ, नेचे आणि ओले दगड. नुकतंच पाणी शिंपडलंय, त्याचा मातकट गारवा घोट्यापर्यंत चढतो. पायाखालचे दगड इतके जवळजवळ बसवलेत की लांब ढांग टाकायची सोयच नाही. दोन वाटा फुटतात तिथे एका वाटेवर दोरीने बांधलेला मुठीएवढा धोंडा ठेवलाय: इकडून नको. एवढंच. पाट्या रंगवण्यात हयात घालवणाऱ्या आपल्या पुणेकरांना हे दाखवायला हवं! दगडी कुंडीशी वाका, हात धुवा, चूळ भरा.

आता दार. दार कसलं, जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं भोक. निजिरिगुची म्हणतात त्याला. सामुराई असाल तर तलवार बाहेर वळचणीखालच्या फळीवर ठेवा. मुठी चटईवर टेका, डोकं आत घाला, मग गुडघे ओढा. वर बघू नका, आपटेल. आपटलंच.

आत काळोख. डोळे सरावले की कळतं, खोली दोन तातामी चटयांची आहे, सहा फूट बाय सहा फूट. शेजारच्या पाहुण्याचा श्वास तुमच्या कानाशी. भिंती चक्क कुडाच्या, लिंपणात कालवलेला पेंढाही दिसतो. खिडकी हवी तिथे भिंत लिंपायचीच सोडून दिलीय. बोरू-बांबूचा सांगाडा उघडा राहिलाय आणि त्यातून उजेड गाळून येतो. श्रीमंतांची गरिबीची हौस, असं म्हणून तुम्ही नाक मुरडाल, आणि ते अगदीच चुकीचं नाही. इथल्या शौकिनांत चहाच्या एखाद्या नामांकित बुटकुल्यासाठी घरदार विकत घेता येईल एवढे पैसे मोजले जातात. पण सहा फुटांत तोरा मिरवायला जागाच उरत नाही, हेही तितकंच खरं. खुशाल मांडी घाला. टाचांवर ताठ बसण्याची सक्ती नंतरच्या लोकांनी केली.

भिंतीतल्या कोनाड्यात, तोकोनोमात, शाईने लिहिलेला एक लांबट पट टांगलाय. त्याला नमस्कार करा. जेवण येतं: भात, सार, दोन-तीन पदार्थ. शेवटी फुनोयाकी, म्हणजे आत सोयाबीनचा आंबवलेला मिसो माखलेलं गव्हाचं धिरडं. गोड म्हणून देतात, तसं खायचं. मग पुन्हा रांगत बाहेर, बाकावर जरा टेकायला. मागच्या दारी जात्याची घरघर, मग घंटेचे ठोके. चला आत.

लेखन गेलंय. कोनाड्यात आता नुसती वेताची टोपली लटकतेय, आत पाण्याचं बांबूचं नळकांडं. नदीवरच्या कोळ्याची मासे ठेवायची टोपली रिक्यूने फुलांसाठी मागून घेतली, असं सांगतात. तिचीच ही नक्कल. आणि आज यजमानाची लहर फिरलीय. फुलांचं तबक आणि सुरी तो तुमच्यापुढे सरकवतो.

घाबरू नका. हे रोक्काकुदो मंदिर नव्हे, जिथे इकेनोबो घराण्याचे पुजारी पेंढ्याच्या जुडीत फांद्या रोवून भल्यामोठ्या रचना उभारतात. इथे तुमच्या जास्वंदीच्या गोतातलं मुकुगेचं फूल आहे, पांढरं, पहाटे उमललेलं, संध्याकाळी मिटणारं. एक फूल उचला, एक कळी, चार पानं. दोन पानं काढून टाका. अजून एक. देठ हातातच जुळवा आणि एकदम सोडा. शेतात उभं असतं तसं दिसायला हवं, म्हणजे मेहनत दिसली की मेहनत फुकट. फूल भिंतीकडे तोंड फिरवतं. बोट पुढे नेऊ नका! चिवडलेलं लगेच कळतं. यजमान फक्त पाण्याचे चार थेंब पाकळ्यांवर शिंपडतो.

बाहेरून कुणीतरी बांबूचा पडदा गुंडाळतं आणि खोली उजळते. किटलीच्या तळाला आतून लोखंडाचे तुकडे चिकटवलेत, त्यामुळे पाणी पाइनच्या बनातल्या वाऱ्यासारखं घुमतं. निखाऱ्याजवळ चंदनाची ढलपी तापतेय. घामाचा वास तरीही आहेच.

हाताने घडवलेला काळा जाड वाडगा तुमच्यापर्यंत येतो. आत चहा नाही, हिरवा लेप आहे, कडू, दाट, जिभेला धरून बसणारा. सगळ्यांत मिळून एकच वाडगा. काठ पुसून पुढे द्यायचाय, आणि शेजारचा व्यापारी मघापासून तुमचे घोट मोजतोय.